ओतीव शिसे की तांब्याचे कवच : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरणाऱ्या अमेरिकी नेमबाजांत एक वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पिस्तूल-रिव्हॉल्वरच्या काडतुसात साच्यात ओतलेली शिशाची गोळी बसवावी, की तांब्याचे कवच चढवलेली विकतची? भांडण हातातल्या शस्त्रांचे, पण त्याचे मूळ रायफलीत आहे.

बंदुकीच्या काळ्या दारूच्या काळात हा प्रश्नच नव्हता. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे साध्या चुलीवरही काम भागते. १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्वरची .४५ (इंचांत जाडी) गोळी मऊ शिशाचीच होती आणि तिचा वेग सेकंदाला हजार फुटांच्या आसपास राही. न्यू हेवन गावच्या जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये ‘आयडियल’ कंपनी काढली आणि पुंगळ्या भरण्याची हत्यारे अन् साचे घराघरांत पोचवले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू तयार केली. ती वापरणाऱ्या १८८६ च्या लेबेल रायफलीची गोळी दोन हजार फुटांचा वेग गाठू लागली. एवढ्या वेगात उघडे शिसे नळीतल्या आट्यांना (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांना) धरून राहत नाही, सोलवटते. उपाय तयार होता : स्वित्झर्लंडच्या थून येथील कारखान्यात मेजर एडुआर्ड रुबिन यांनी १८८२ मध्येच तांब्याचे कवच असलेली गोळी बनवली होती.

पिस्तुलांना तसला वेग कधीच नव्हता. तिथे कवच आले ते दुसऱ्या दोन वाटांनी. एक यांत्रिक : आपोआप भरणाऱ्या पिस्तुलात गोळी खालच्या खोक्यातून वर सरकत नळीत शिरते, आणि मऊ शिशाचे नाक तिथे अडते किंवा चेपते. दुसरी वाट कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यातून जाते. तिथे १८९० च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी रायफलीच्या .३०३ गोळीचे टोक कवचाबाहेर उघडे ठेवले, म्हणजे ती शरीरात गेल्यावर फुलावी. त्यावर युरोपात गहजब झाला आणि १८९९ च्या हेग परिषदेने शरीरात सहज पसरणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. त्यानंतर आलेल्या १९०२ च्या ९ मिमी पॅराबेलम आणि १९११ च्या २३० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) .४५ या पिस्तुलाच्या काडतुसांनी पूर्ण कवच घेतले, यात नवल नाही.

रिव्हॉल्वरवाले मात्र शिशालाच चिकटून राहिले. आयडाहोचे एल्मर कीथ यांनी १९२० च्या दशकात आखलेली, चपट्या नाकाची आणि धारदार खांद्याची गोळी आजही ओतली जाते. ठिणगी पडली १९३५ च्या .३५७ मॅग्नम या रिव्हॉल्वरच्या काडतुसामुळे. कारखान्याने त्याला १५८ ग्रेनची शिशाची गोळी आणि दीड हजार फुटांचा वेग दिला, आणि नळ्या शिशाने बरबटल्या. ‘शिसे मऊ पडते’ हा समज तेव्हापासून घट्ट झाला. माझ्या मते तो अर्धाच खरा आहे. गोळी नळीच्या मापाला किंचित कमी पडली, तर तापलेला वायू बाजूने निसटतो आणि शिसे वितळवत नेतो. मग ती कितीही कडक असो. १९५५ च्या .४४ मॅग्नमच्या २४० ग्रेनच्या शिशाच्या गोळीला म्हणूनच बुडाशी धातूची छोटी वाटी बसवली गेली. ती युक्तीही बार्लो यांच्याच काळातली.

खरी निवड करण्याची वेळ आली ती १९६० च्या दशकात. तोवर पिस्तुलासाठी फुलणारी, कवचाची चांगली गोळी सहज मिळतच नव्हती. १९६३ मध्ये ली जुरास यांच्या ‘सुपर व्हेल’ कंपनीने हलकी, पोकळ नाकाची, वेगवान गोळी आणली आणि इतर कारखाने मागोमाग धावले.

तरीही ओतीव गोळी टिकली, कारण ती जवळपास फुकट पडे. गाड्यांच्या चाकांचा तोल साधणारी शिशाची वजने टायरच्या दुकानात टाकाऊ म्हणून मिळत. छापखान्यांतून लायनोटाइपचा (अक्षरांच्या ओळी ओतणाऱ्या यंत्राचा) धातू येई : साधारण ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. आपल्याकडे जुळाऱ्यांनी हाताळलेले खिळेही याच तीन धातूंचे. मऊ शिशात ही भर घातली की गोळी हवी तेवढी कडक होई. म्हणजे या वादाचे पारडे बरेचसे भंगाराच्या भावावर झुकत होते, आणि वाद घालणारे नेमकी तीच गोष्ट क्वचित बोलतात.

ते भंगार आटत गेले. फोटोटाइपसेटिंगने आणि ऑफसेटने लायनोटाइप संपवला. न्यूयॉर्क टाइम्सने १९७८ मध्ये तो थांबवला. युरोपीय संघाने आणि पुढे कॅलिफोर्नियाने चाकांच्या शिशाच्या वजनांवर बंदी आणली. त्यांच्या जागी आलेले जस्त चुकून कढईत पडले, तर गोळ्या नीट ओतल्याच जात नाहीत. १९८० च्या दशकात आलेल्या ग्लॉक पिस्तुलांच्या नळीत धारदार आट्यांऐवजी गोलसर बहुकोन असतो आणि कंपनी उघड्या शिशाला सरळ नाही म्हणते. २०१९ पासून कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या दारूगोळ्याला पूर्ण बंदी आहे. गिधाडकुळातल्या काँडोर पक्ष्यांना होणारी विषबाधा हे त्यामागचे मोठे कारण.

भारतात दारूगोळा बनवायला १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो, त्यामुळे घरोघरी शिसे ओतण्याचा छंद इथे रुजला नाही. अमेरिकेत अलीकडे हौशी मंडळी ओतीव गोळीवर रंगाची कोरडी पूड चढवून ती भट्टीत भाजतात. मेणाच्या वंगणाची गरज उरत नाही, आणि शिसे थेट नळीला लागत नाही.