पाच तबकड्या घेणारा, की पाच तऱ्हेच्या चालवणारा?

"मल्टी आहे साहेब, सगळं चालतं," असं दुकानदार म्हणाला आणि आमच्या सोसायटीतले काका डीव्हीडी प्लेअरचा खोका काखेत मारून रिक्षात बसले. घरी येऊन बटण दाबलं. ट्रे बाहेर आला तर त्यावर जागा एकाच तबकडीची. लगेच मला फोन. "अरे, फसवलं रे त्यानं! पाच सीडी एकदम बसतात म्हणाला होता."

दुकानदार तसं म्हणालाच नव्हता. तो म्हणाला होता 'मल्टी'. पाच सीडी काकांनी स्वतःच्या मनात बसवल्या होत्या. पण त्यात त्यांची तरी काय चूक? एकच शब्द, आणि दोन अगदी वेगळ्या गोष्टींना तो लावतात.

एक असतो मल्टी-डिस्क, म्हणजे चेंजर. यात तीन, पाच किंवा त्याहून जास्त तबकड्या एका वेळी भरून ठेवता येतात. दुसरा मल्टी-फॉरमॅट. यात तबकडी एकच बसते, पण ती डीव्हीडी असो, व्हीसीडी असो, गाण्यांची साधी सीडी असो की घरी कॉम्प्युटरवर भरलेली एमपी३ची, प्लेअर नाक मुरडत नाही. पहिली करामत मोटर आणि गिअरची, दुसरी लेझर आणि चिपची. एक आहे म्हणून दुसरी असेलच असं मुळीच नाही.

चेंजर उघडून पाहिला तर आत फार गूढ काही नसतं. स्टीलच्या ताटात पाच वाट्या मांडाव्यात तसे एका गोल फिरत्या ताटावर पाच खळगे. तबकडीचा व्यास १२ सें.मी. अशा पाच एकमेकींना चिकटून गोलात मांडल्या तरी ताट ३२ सें.मी.च्या पुढेच जातं. त्यामुळे हे यंत्र टीव्हीखालच्या आपल्या शोकेसमध्ये सहसा मावत नाही, अर्धा वीत बाहेर डोकावतं. एक मोटर ताट फिरवते, एक ट्रे आत-बाहेर करते, आणि कितवा खळगा समोर आला हे एक छोटा सेन्सर मोजतो. पण तबकडी वाचणारी लेन्स मात्र एकच. पाच तबकड्या घातल्या म्हणजे पाचही 'चालू' असतात असं काही जणांना वाटतं, तसं नसतं. एक संपली की ताट फिरतं, दुसरी लेन्सवर येते, तिची ओळख पटते आणि मग गाणं सुरू होतं. तेवढा वेळ खोलीत शांतता आणि यंत्राची घरघर.

चांगल्या चेंजरची खरी मजा वेगळ्याच ठिकाणी आहे. एक तबकडी वाजत असताना ट्रे उघडून बाकीच्या चार बदलता येतात, गाणं न थांबता. जेवणावळीच्या घरात किंवा गणपतीत दिवसभर काहीतरी वाजत ठेवायचं असेल तर ही सोय सोन्यासारखी. अमेरिकेत तर सोनीने ४०० तबकड्यांचे चेंजरही विकले. घरातलं अख्खं कपाटच यंत्राच्या पोटात.

आता मल्टी-फॉरमॅट. डीव्हीडीचा लेझर ६५० नॅनोमीटरचा, सीडीचा ७८० नॅनोमीटरचा. कारखान्यात छापलेली सीडी डीव्हीडीच्या लेझरनेही वाचता येते. पण घरी भरलेल्या सीडी-आरवरचा रंगाचा थर ६५० नॅनोमीटरचा प्रकाश नीट परतवतच नाही. म्हणून सुरुवातीच्या काही डीव्हीडी प्लेअरना विकतची सीडी चालायची आणि घरी भरलेली दिसायचीसुद्धा नाही. लोक म्हणायचे, "सीडी खराब आहे." सीडी ठणठणीत असायची. पुढे दोन लेझर असलेली लेन्स सर्रास आली आणि हा घोळ मिटला. उरलेलं काम चिपचं. चित्र आणि आवाज दाबून साठवायच्या पद्धती अनेक: व्हीसीडीचं एमपेग-१, डीव्हीडीचं एमपेग-२, गाण्यांचं एमपी३, डिव्हएक्सच्या फायली. यांतलं काय काय उलगडायचं हे तिला शिकवलेलं असतं किंवा नसतं. आजही दुकानात जो स्वस्त एका ट्रेचा प्लेअर मिळतो त्याला मागाल ते बहुतेक सगळं येतं. फक्त मोबाइलवर आलेला एमपी४ पिक्चर पेनड्राइव्हवर टाकून लावाल तर बहुधा 'सपोर्ट नाही' असं दाखवेल. त्याची चिप त्या काळाच्या आधीची आहे.

हा फरक मला कळला तो ठेच लागल्यावर. २००४च्या सुमारास न्यू जर्सीत राहणाऱ्या आतेभावाने येताना पाच तबकड्यांचा चेंजर आणला. चकचकीत, आतला दिवा निळा. आम्ही तो थेट प्लगमध्ये घालणार होतो, तेवढ्यात वडिलांनी मागची पट्टी वाचली: १२० व्होल्ट. आपल्याकडे २३०. लावला असता तर निळा दिवा एकदाच लागला असता. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणला, तोही विटेएवढा जड. मग घरातल्या डीव्हीडी घातल्या. त्यातल्या दोन चालल्या, बाकीच्यांना रीजनची पाटी. रीजन म्हणजे डीव्हीडीवाल्यांनी जगाचे पाडलेले विभाग, एका विभागाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रात चालत नाही. अमेरिका रीजन १, भारत रीजन ५. ज्या तबकड्या सगळ्या रीजनसाठी होत्या तेवढ्याच लागल्या. त्यात टीव्हीच्या चित्राची पद्धतही दोन्हीकडे वेगळी: यंत्र अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीचं आणि आमच्या ताईच्या लग्नाची व्हीसीडी आपल्याकडच्या पाल पद्धतीची. ती तर त्याने साफ नाकारली. पाच तबकड्या पोटात घेणारा तो पाहुणा आमच्या घरातलं निम्मं जेवतच नव्हता! (दुबईहून आणणाऱ्यांचीही हीच गत. आखाती देश रीजन २मध्ये येतात, भारत नाही.)

गंमत अशी, की चेंजरची सर्वांत जास्त गरज आपल्याकडेच होती आणि तीही डीव्हीडीसाठी नव्हे. एका व्हीसीडीत जेमतेम ७४ ते ८० मिनिटं मावतात. तीन तासांचा हिंदी पिक्चर म्हणजे दोन नाहीतर तीन तबकड्या. नायक-नायिका पावसात उभे आणि पडद्यावर एकदम निळा रंग. कुणीतरी उठायचं, दुसरी घालायची. ताईच्या लग्नाच्याही तीन होत्या: हळद आणि सीमांतपूजन पहिलीत, मंगलाष्टकं दुसरीत, पाठवणी तिसरीत. त्या तिन्ही ओळीने लावणारं यंत्र हवं होतं, आणि जे आलं त्याला आमची व्हीसीडीच कळत नव्हती. डीव्हीडीने ही अडचणच संपवली. एका थरात ४.७ जीबी, दोन थरांत ८.५ जीबी, पिक्चर एकाच तबकडीत. २००७मध्ये मोझर बेअर या तबकड्या बनवणाऱ्या कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, तेव्हा तर सहा रुपयांसाठी दोनदा उठायचं कारणच उरलं नाही.

इथे तिसरा एक गोंधळ उगाच मध्ये घुसतो, तो 'फाइव्ह इन वन'चा. फुटपाथवर मिळणाऱ्या त्या तबकडीत पाच पिक्चर असत. तो गुण तबकडीचा, प्लेअरचा नव्हे. आणि गुण तरी कसला? ४.७ जीबीचे पाच वाटे केले की नायकाचा चेहरा चौकटी-चौकटींचा दिसतो.

तर काकांचा प्रश्न. मी विचारलं, "काका, पाच सीडी एकदम कशाला हव्यात तुम्हाला?" म्हणाले, "दुपारी जेवून आडवा झालो की नाट्यगीतं लावतो. तासाभरात सीडी संपते. गुडघा बघतोयस ना माझा?" आता ही गरज खरी होती, चैनीची नव्हे. आणि चेंजर आता नवा बघायला मिळत नाही. मिळाला तर जुना.

पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत एका दुरुस्तीवाल्याकडे पाच तबकड्यांचा एक होता. जुनं यंत्र बघायला जाताना मी पाच वेगवेगळ्या तबकड्या नेतो आणि पाचही खळगे भरतो, म्हणजे दोन्ही प्रकारचं मल्टीपण एका दमात कळतं. एक विकतची गाण्यांची सीडी, एक व्हीसीडी, एक घरी भरलेली एमपी३ची सीडी-आर, एक दोन थरांची डीव्हीडी आणि एक चांगलीच चरे पडलेली. दोन थरांची मधोमध नेऊन बघायची. लेन्स थकली असेल तर थर बदलताना चित्र क्षणभर थबकण्याऐवजी तिथेच गोठून बसतं. पाचव्या खळग्यावरून पहिल्यावर उडी मारायला लावायची आणि कान देऊन ऐकायचं. रबरी बेल्ट सैल झाला असेल तर मोटर फिरल्याचा आवाज येतो पण ताट हलत नाही, किंवा दोन खळग्यांच्या मधेच थांबतं. बेल्ट बदलायला फार पैसे पडत नाहीत. लेन्स गेली असेल तर मात्र त्या मॉडेलची मिळवणं कठीण, तिथून हात जोडून निघावं.

त्या यंत्राने गाण्यांची सीडी आणि डीव्हीडी झकास लावल्या. व्हीसीडीला नकार. सीडी-आर खळग्यात आहे हे त्याला दिसलंच नाही. वर दुरुस्तीवाल्याने ते दाखवताना सवयीने उभं धरलं आणि आतून 'खळ्ळ' असा आवाज आला. आधीच्या मालकाची एक तबकडी आतच राहिली होती. चेंजर हलवण्याआधी रिकामा करायचा असतो. नाहीतर तबकडी खळग्यातून निसटून ताटाखाली जाते आणि ट्रे अडकतो. घर बदलताना आम्हीही हाच पराक्रम केला होता, त्यामुळे तो आवाज मला पाठ आहे.

काकांना म्हटलं, आणलाय तोच ठेवा. पाच सीडींची गाणी फार तर सहा-सात तासांची. एमपी३ करताना मिनिटाला साधारण एक ते दीड एमबी धरा, म्हणजे सगळी मिळून ७०० एमबीच्या एकाच सीडीत बसतात. चेंजरने जे काम ताट फिरवून करायचं ते हा मुकाट्याने करतो, मध्ये घरघर नाही. दोन उणिवा मात्र सांगून ठेवल्या. दोन गाण्यांच्या मध्ये हा प्लेअर क्षणभर अडखळतो, त्यामुळे दोन तुकड्यांत कापलेला एखादा ख्याल नेमका समेच्या आधी तुटतो. असे ख्याल जोडून एकाच फायलीत ठेवावे लागतात. आणि फाइलचं नाव देवनागरीत दिलं तर पडद्यावर नुसते चौकोन येतात.

काकांनी त्यावर उपाय काढलाय. फायलींना फक्त आकडे दिलेत आणि कुठल्या आकड्याला कुठलं पद हे एका दोनशे पानी वहीत लिहून काढलंय. बहात्तर क्रमांकापुढे लाल शाईत नोंद आहे: "वन्समोअर".