तगाईपासून डीबीटीपर्यंत: खान्देशात बांधबंदिस्तीला पैसा कुठून आला

सध्या आपल्याकडे जो तो शेततळं नाहीतर ठिबकचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांच्या पोर्टलवर टाकतोय, आणि नव्या पोरांना वाटतं की माती-पाण्याच्या कामाला सरकार पैसा देतं हे आताचंच आहे. तसं नाहीये.

पांझरा, मोसम नद्यांच्या काठी फड पद्धत, म्हणजे नदीवर बंधारा घालून पाटाने सगळ्यांच्या शेतांना वाटून पाणी द्यायची रीत, कित्येक पिढ्या चालली, त्यात सरकारी अनुदान वगैरे नव्हतं, बंधारा आणि पाट सांभाळायचा तो फडवाल्यांनीच, पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, त्यांचं पोटही फडावरच. मला विचाराल तर ही व्यवस्था सगळ्यात पक्की होती, कारण दुरुस्ती कोण करणार हा प्रश्नच तिथे पडत नव्हता.

इंग्रजांनी 1883 ला जमीन सुधारणा कर्जाचा कायदा केला, त्यात विहिरीला, बांधाला तगाई मिळायची, पण ते सरकारी कर्ज, व्याजासकट फेडायचं. पुढे 1942 च्या कायद्याने समतल बांध, म्हणजे उताराला आडवे सारख्या उंचीवरचे बांध घातले, त्यातही खर्चाचा वाटा शेतकऱ्याच्या डोक्यावर. आणि भारी काळ्या जमिनीत बांधाला पाणी तुंबायचं, पीक पिवळं पडायचं, मग लोकांनी बांध फोडले. त्यात त्यांची चूक मला तरी वाटत नाही.

खरा बदल 1972 च्या दुष्काळाने झाला. रोजगार हमीवर पाझर तलाव, नालाबांध झाले, म्हणजे पैसा आला तो मजुरीच्या रूपात. नंतर पाणलोट विकासाच्या योजना, 2014 च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार, 2016 ला मागेल त्याला शेततळे, त्यात जास्तीत जास्त 50 हजार. पोकरात, म्हणजे हवामान बदलाला तोंड द्यायच्या राज्याच्या कृषी प्रकल्पात, आपला जळगाव जिल्हा आला. ठिबकला केंद्राच्या योजनेत अल्पभूधारकाला 55 टक्के, बाकीच्यांना 45, वर राज्याची भर.

मधल्या काळात शिरपूरला भूगर्भतज्ज्ञ सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद करून बंधारे बांधले, साक्रीच्या बारीपाड्यात चैतराम पवारांसोबत गावाने श्रमदानातून जंगल आणि पाणी राखलं, हे विसरून चालणार नाही.

आता पैसा थेट खात्यात येतो, चांगलंच आहे, पण आधी खिशातून घालावा लागतो, आणि ज्याच्याकडे घालायलाच नाही तो पूर्वसंमती, म्हणजे कामाआधीची सरकारी मंजुरी, मिळूनही काम करत नाही. आमच्या शेजारच्या शेतकऱ्याने शेततळ्यासाठी उसने घेतले, अनुदान यायला दोन हंगाम गेले. आणि आमच्या नाल्यावरचा सिमेंट बंधारा गाळाने भरलाय, तो काढायला पोर्टलवर कुठला अर्ज करायचा ते अजून आम्हाला कोणी सांगितलेलं नाही.