धनुष्य तासताना: जाडीचा घन आणि तो एक टक्का

१९९१ साली आल्प्समध्ये, इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर, बर्फात पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा माणूस सापडला. त्याच्या गोंदणांवर आणि शेवटच्या जेवणावर भरपूर लिहून झालंय. माझा जीव मात्र त्याच्या धनुष्यात अडकलाय. यू झाडाच्या लाकडाचं, १ मीटर ८२ सेंटिमीटर लांब आणि अर्धवट! टोकांना दोरीच्या खाचा नाहीत, अंगावर तासल्याच्या खुणा तशाच. म्हणजे खरं नाजूक काम अजून व्हायचं होतं. दोन्ही भुजा, म्हणजे मुठीच्या दोन बाजूंचे वाकणारे भाग, सारख्या वाकेपर्यंत थोडं थोडं लाकूड काढत जायचं. याला टिलरिंग म्हणतात, आणि नवख्यांची धनुष्यं बहुधा इथेच मोडतात.

मोडलं की खापर लाकडावर. ‘लाकूडच कच्चं निघालं!’ पण चांगल्या, सरळ धाग्याच्या लाकडाचं धनुष्यही मोडतं, आणि त्यामागचं गणित शाळेतल्या भूमितीपलीकडचं नाही.

काठी वाकवली की बाहेरची बाजू, म्हणजे धनुष्याची पाठ, ताणली जाते आणि आतली, म्हणजे पोट, दाबलं जातं. पृष्ठभागावरचं लाकूड किती टक्के ताणलं जातंय हे काढायला जाडीला वक्रतेच्या त्रिज्येच्या (बाक ज्या वर्तुळाचा तुकडा वाटतो, त्या वर्तुळाच्या त्रिज्येच्या) दुपटीने भागायचं. जाडी १२ मिलिमीटर, त्रिज्या ६० सेंटिमीटर, तर उत्तर येतं एक टक्का. धनुष्याचं चांगलं लाकूडही साधारण याच्याच आसपास हात टेकतं. धाग्याच्या दिशेने लाकूड ओढ जितकी सोसतं तितका दाब सोसत नाही. म्हणून पाठ धडधाकट असेल तर आधी पोट हरतं. तिथल्या पेशींच्या भिंती दुमडतात आणि दोरी काढल्यावरही धनुष्यात बाक राहतो.

आता माझा लाडका मुद्दा. भुजेचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा. जाडी निम्मी केली तर एक अष्टमांश. १० मिलिमीटर जाडीतला एकच मिलिमीटर तासला तर ०.९ चा घन, म्हणजे ०.७२९. ताठपणा २७ टक्क्यांनी गेला! कानशीचे चार हात जास्त फिरले की तेवढीच जागा बिजागरीसारखी दुमडू लागते. तिथली त्रिज्या लहान होते, एक टक्क्याची हद्द ओलांडली जाते, पोटाच्या पेशी चुरडतात, जागा आणखी मऊ पडते आणि आणखी वाकते. दुखणं स्वतःलाच वाढवत जातं.

यावरचा उपाय विचित्र वाटतो. दोष जिथे दिसतो तिथे हात लावायचाच नाही. बिजागरीच्या दोन्ही बाजूंचा, न वाकणारा भाग तासायचा, म्हणजे वाकण्याचा भार पसरतो. पेन्सिलीने त्या जागेवर फुली मारून ठेवावी, कारण हात आपोआप तिकडेच जातो.

मग पूर्ण ताणलेल्या धनुष्याचा आकार अगदी वर्तुळाचा तुकडा असावा का? ते घडणीवर आहे. वाकवणारं बलाघूर्ण, म्हणजे बल गुणिले अंतर, मुठीशी सर्वात जास्त आणि टोकाशी शून्य असतं. जाडी सगळीकडे सारखी ठेवून रुंदी टोकाकडे निमुळती केली तर वर्तुळाकार बाक बरोबर. रुंदी सारखी ठेवून जाडी कमी करत नेली, तर टोकाकडच्या पातळ भागाला लहान त्रिज्या झेपते. तिथे बाक जास्त हवा, लंबवर्तुळासारखा. दुसऱ्याच्या धनुष्याचा फोटो समोर ठेवून आकार जुळवणारे इथे फसतात.

सातपुड्यातल्या भिल्लांचं धनुष्य बांबूचं असतं, दोरीसुद्धा बांबूच्या पट्टीची. बांबूचे चिवट धागे सालीजवळ सर्वात दाट असतात, म्हणून साल पाठीला ठेवायची आणि तासायचं फक्त आतून. सालीवर रंधा फिरवला की सर्वात मोलाचा भाग भुशात. बांबू अमावस्येला तोडला की किडत नाही असंही ऐकू येतं. भुंग्याला तिथी कळत नाही, त्याला बांबूतला स्टार्च हवा असतो. तोडीचा हंगाम आणि नीट वाळवणं सांभाळा, पंचांग राहू द्या.

प्रत्यक्ष करताना धनुष्य मुठीपाशी उभ्या खांबावर आडवं टेकवावं, दोरी खाली ओढावी आणि चार पावलं मागे जाऊन बघावं. प्रत्येक तासणीनंतर वीसेक वेळा हलकेच ओढून सोडावं, कारण काढलेल्या लाकडाचा परिणाम लगेच पुरता दिसत नाही. दोरी ओढायला हवा तेवढा जोर लागू लागला की तिथेच थांबायचं, दोरी कितीही कमी मागे आलेली असो. वाकडं दिसणारं धनुष्य ‘बघू किती येतं’ म्हणून ओढायचं नाही. शेवटच्या टप्प्यात रंधा ठेवून द्यावा आणि काचेच्या तुकड्याच्या धारेने खरवडावं, हातमोजे घालून. एवढं करूनही धनुष्य हलकं झालं, म्हणजे ओढायला कमी जोर लागू लागला, तर दोन्ही टोकं दोन-तीन सेंटिमीटर कापून नव्या खाचा पाडता येतात. जोर वाढतो, पण भुजा आखूड झाल्याने दोरी तेवढीच मागे ओढली तरी त्या जास्त वाकतात, आणि एक टक्क्याचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.