आधी लढाई, मग पोवाडा

७ मे २०२५, ऑपरेशन सिंदूरची सकाळ. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळचा चहा होईस्तोवर त्यावर तीन कविता येऊन पडल्या होत्या. कवीचं नाव एकीखालीही नाही.

मराठीत ही घाई तशी अलीकडचीच. आज जिथे ठाण्याचं कारागृह आहे, तो किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतला. त्या काळी बातमी पोचायची जासुदाच्या पायांनी. कविता त्याच्यापुढे कशी धावणार?

पोवाडा निकाल लागल्यावर यायचा. अफजलखान १० नोव्हेंबर १६५९ रोजी मारला गेला, मग अज्ञानदासाने पोवाडा रचला. जिजाऊंच्या सांगण्यावरून रचला आणि शाहिराला घोडा व सोन्याचा तोडा मिळाला, असं परंपरा सांगते. डफ-तुणतुण्याच्या साथीने शाहीर घडलेलं सांगायचा, सरदारांची नावं घेऊन. नाव चुकवून कसं चालेल? ऐकणाऱ्यांत त्याच घरातली माणसं बसलेली असायची. १७९५ च्या खर्ड्याच्या विजयावर अनंत फंदीने पोवाडा केला आणि पेशवाई बुडाली तेव्हा प्रभाकराने तेही गायलं. जिंकलो काय, हरलो काय, क्रियापद भूतकाळीच.

मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला होते, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या बातम्या त्यांच्या घरच्याच. तरी १९४७ च्या 'काही कविता'त त्यांनी वीर नव्हे, ओल्या पिपात मेलेले उंदीर आणले. पोवाड्याला इतकं थेट उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं मला तरी आठवत नाही.

मग १९६२. २० ऑक्टोबरला चीनचा हल्ला, महिन्याभरात युद्धविराम. रेडिओ घरोघरी नसला तरी चाळीत एक वाजला की सगळ्यांना ऐकू जायचा. वसंत बापटांचं 'उत्तुंग आमुची उत्तर सीमा' हे समरगीत त्याच काळातलं, आणि त्याच्या ध्रुपदातली क्रियापदं बघा: लढवू, चढवू. सगळा भविष्यकाळ. घडलेलं सांगणारा शाहीर जाऊन घडवायला निघालेला समूह आला. ध्रुपदात माणसाचं नाव नाही. असणार तरी कुणाचं, गाणं पुढच्या लढाईचं होतं.

ग्रुपवरच्या तीन कवितांत भविष्यकाळही नव्हता, नुसती आज्ञार्थी क्रियापदं. त्यातली एक मला फेब्रुवारी २०१९ मध्ये, पुलवामा-बालाकोटच्या वेळीही आली होती. आता फक्त गावाचं नाव बदललं होतं, त्यामुळे तिसऱ्या ओळीतलं यमक तुटलं होतं.