इन्सुलिनची सुई रोज त्याच जागी?

इन्सुलिन वेळेवर घेतलं, पथ्य पाळलं, तरी साखर आज २५० आणि उद्या ७०. अशा वेळी डोस वाढवण्याआधी जिथे सुई टोचता ती जागा बोटांनी चाचपून पाहा.

इन्सुलिन साखर कमी करतं, तसंच चरबीच्या पेशींना वाढायलाही लावतं. रोज त्याच जागी टोचत राहिलं की तिथली चरबी फुगून रबरासारखी गाठ होते. ती डोळ्यांना अनेकदा दिसत नाही, हाताला मात्र लागते. तिथे सुई कमी दुखते, म्हणून माणूस पुन्हा तीच जागा निवडतो. पण गाठीतून इन्सुलिन कधी सावकाश, कधी एकदम शोषलं जातं. साखर वाढली की डोस वाढतो आणि गाठही.

गाठ सापडली तर ती जागा काही महिने सोडायची. मात्र आधी डॉक्टरांना सांगा. निरोगी जागेतून औषध नीट शोषलं जातं, त्यामुळे जुनाच डोस जास्त ठरून साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. ही गोष्ट रुग्णांना फार कमी वेळा सांगितली जाते, याचं मला वाईट वाटतं.

पोटाचे चार भाग मनात धरा. एका आठवड्यात एकच भाग, प्रत्येक टोचणी आधीच्या जागेपासून बोटभर दूर. बेंबीभोवतीची दोन बोटं जागा सोडा. मांडीची बाहेरची बाजूही चालते. त्वचेची जाडी साधारण २ मिलिमीटर, अंगाने जाड माणसातही फार वेगळी नाही; म्हणून इन्सुलिन टोचायच्या पेनची ४ मिलिमीटरची सुई बहुतेकांना पुरते. पेनचं बटण दाबल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढा. सुई दर वेळी नवी असावी, आणि आपली सुई किंवा पेन घरातल्यांनाही देऊ नये.

आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनच्या काडतुसातलं १०० युनिटचं. ते लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ओढलं तर अडीचपट डोस जातो. हे कधीही करू नका.

घाम, थरथर, एकदम भूक लागली तर साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या.