पंचाच्या खिशात काय असतं?

इंदूरच्या नेहरू स्टेडियमवर 25 डिसेंबर 1997 ला भारत-श्रीलंका सामना तीन षटकांतच आटोपला. खेळपट्टी धोकादायक होती. श्रीलंकेचा कर्णधार अर्जुन रणतुंगा मैदानात आला, सचिन तेंडुलकरशी, पंचांशी, सामनाधिकाऱ्यांशी बोलला आणि खेळ थांबला. आमच्या गावाचा हिरमोड झाला, पण गाऱ्हाणं रीतसर होतं. जानेवारी 1999 मध्ये ॲडलेडला मुरलीधरनचा चेंडू नो-बॉल ठरला, तेव्हा याच रणतुंगानं पंच रॉस इमर्सन यांच्यासमोर बोट नाचवलं आणि संघाला सीमारेषेपर्यंत नेलं. माणूस एकच, फरक बोटाचा.

अशा वेळी पंचानं करायचं काय? बराच काळ त्याच्याकडे दोनच वाटा होत्या: ऐकून घेणं किंवा थेट टोकाला जाणं. 1966 च्या फुटबॉल विश्वचषकात जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाच्या रातीनला बाहेर काढलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे रातीन बराच वेळ हलेना. पंचप्रमुख केन ॲस्टन यांना त्यानंतर रस्त्यावरच्या सिग्नलवरून पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना सुचली आणि 1970 च्या विश्वचषकात ती कार्डं आली. पिवळं कार्ड म्हणजे तंबी आणि हकालपट्टी यांच्यामधली पायरी, तीही सगळ्या मैदानाला दिसणारी.

क्रिकेटला ही पायरी फार उशिरा मिळाली. 1987 मध्ये फैसलाबादला इंग्लंडचा कर्णधार माइक गॅटिंग आणि पाकिस्तानी पंच शकूर राणा यांची जुंपली. माफी मिळेपर्यंत उभा राहणार नाही, म्हणून राणा अडून बसले आणि कसोटीचा एक अख्खा दिवस वाया गेला. त्यांच्याकडे दुसरं होतं तरी काय? आंतरराष्ट्रीय सामन्यांना 1991 पासून सामनाधिकारी आणि आचारसंहिता मिळाली. क्लबच्या पंचाला मात्र कर्णधाराला समज द्यायची आणि सामन्यानंतर अहवाल पाठवायचा, एवढंच हाती होतं.

1 ऑक्टोबर 2017 पासून क्रिकेटमध्ये खेळाडूंच्या वागणुकीचा नवा नियम 42 आला. निर्णयावर हुज्जत घातली किंवा अपशब्द वापरला तर पहिल्यांदा ताकीद, पुन्हा तेच घडलं तर प्रतिस्पर्ध्याला पाच धावा. पंचाला धमकावणारा काही षटकं बाहेर बसतो, मारायला धावणारा उरलेल्या सामन्याला मुकतो. फुटबॉलमध्ये 2019 पासून प्रशिक्षकालाही कार्ड दाखवता येतं. बाकावरून नेमकं कोण बोललं ते कळलं नाही, तर ते मुख्य प्रशिक्षकाच्या माथी.

इंदूरचे नितीन मेनन 2020 मध्ये आयसीसीच्या एलिट पॅनेलवर, म्हणजे पंचांच्या सर्वोच्च यादीत, गेले; त्यांचे वडील नरेंद्र मेनन हेही आंतरराष्ट्रीय पंच. इथल्या रविवारच्या सामन्यात मात्र पंच बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघातलाच कुणी असतो. ‘अरे भिया, दिसत नाही का?’ असं ओरडणारा त्याच्याच गल्लीतला, आणि पाच धावांचा दंड त्यानं आपल्याच संघाला लावायचा.