टूल-वर्णन (ग्राहकनोंदींच्या सॉफ्टवेअरमधील)

एखादे टूल (नोंद शोधणे किंवा बदलणे असे एखादे काम करून देणारी सोय) काय करते, केव्हा वापरायचे, त्याला काय द्यायचे आणि त्यातून काय परत येते, हे एआय एजंटला (वापरकर्त्याच्या सांगण्यावरून टूल वापरून कामे करणाऱ्या एआयला) सांगणारा मजकूर म्हणजे टूल-वर्णन. टूलमागचा कोड, डेटाबेसची रचना किंवा कार्यालयात रुळलेल्या पद्धती एजंटमागच्या भाषा-मॉडेलला दिसत नाहीत. टूलचे नाव, वर्णन आणि पॅरामीटरची (टूलला द्यायच्या माहितीच्या रकान्यांची) यादी एवढ्यावरच ते निवड करते. ग्राहकसेवेत नव्याने रुजू झालेल्या माणसाला शेजारच्या टेबलावर विचारता येते. एजंटला ती सोय नसते, म्हणून शेजारच्याने जे सांगितले असते ते वर्णनातच लिहावे लागते.

ओपनएआयने जून २०२३ मध्ये आपल्या एपीआयमध्ये (इतर सॉफ्टवेअरला मॉडेल वापरू देणाऱ्या जोडणीत) फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलने टूल वापरण्याची सोय, आणले आणि अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एजंटला टूल जोडण्याची समान पद्धत, खुला केला. दोन्हींत पॅरामीटर जेसन स्कीमाने (माहितीची रचना मांडण्याच्या ठरीव पद्धतीने) मांडतात. स्कीमा प्रकार सांगतो, अर्थ सांगत नाही. रक्कम ही संख्या आहे हे त्यातून कळते, पण ती रुपयांत आहे की पैशांत हे कळत नाही. पेमेंटच्या प्रणाली बऱ्याचदा रक्कम पैशांत साठवतात. तसे लिहिले नसेल, तर १,२५० रुपयांची थकबाकी एजंट सव्वा लाख म्हणून सांगू शकतो.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या ग्राहकांच्या नोंदी सांभाळणाऱ्यांनी पत्त्याच्या रकान्यांवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. ‘ठाणे’ म्हणजे शहर, तालुका की जिल्हा? वाशी, ऐरोली, नेरूळ हे ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर आणि कामोठे रायगड जिल्ह्यात. ‘ठाण्यातले ग्राहक दाखव’ म्हटल्यावर टूल जिल्ह्याच्या रकान्यात शोधत असेल, तर वाशीचे ग्राहकही यादीत येतात. सेक्टर १० वाशीत आहे, तसाच नेरूळ आणि खारघरमध्येही आहे. उपनगराच्या नावाशिवाय नुसत्या सेक्टरला अर्थ नाही. पिनकोडच्या सुरुवातीच्या अंकांवर विसंबता येत नाही, कारण ठाण्याचा ४००६०१ आणि सीबीडी बेलापूरचा ४००६१४ यांचे पहिले चार अंक सारखेच आहेत. म्हणून ‘पत्त्यावरून ग्राहक शोधते’ हे वर्णन पुरत नाही. उपयोगी पडणारे वर्णन साधारण असे असते:

‘उपनगर आणि सेक्टर किंवा पूर्ण सहा अंकी पिनकोड यांवरून ग्राहक शोधते. उपनगर नसेल तर सेक्टर देऊ नये, आधी वापरकर्त्याला विचारावे. शहराचा रकाना महापालिका क्षेत्र दाखवतो, जिल्हा नाही. एका वेळी जास्तीत जास्त ५० नोंदी येतात. पुढच्या असल्यास पान-चिन्ह (पुढचे पान मागवण्याची खूण) मिळते. मोबाइल क्रमांक माहीत असेल तर हे टूल वापरू नये, क्रमांकावरून शोधणारे टूल वापरावे.’

यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. दोन टूलांची कामे एकमेकांवर चढत असतील, तर मॉडेल कधी हे उचलते, कधी ते. केव्हा वापरू नये हे दोन्हींच्या वर्णनात हवे. ५० नोंदींची मर्यादाही अशीच महत्त्वाची आहे. ती सांगितली नाही तर पहिले पान मोजून एजंट तीच एकूण संख्या म्हणून सांगतो.

नावाने शोधताना जुळणी कशी होते ते लिहावे. चौधरी हे आडनाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात. तंतोतंत जुळणी असेल तर एकच तऱ्हा सापडते. मोबाइल क्रमांक दहा अंकी हवा की ९१ लावून, हे उदाहरणासह द्यावे. ०३/०४ ही तीन एप्रिल की चार मार्च हा प्रश्नच उरू नये, म्हणून वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठरवून द्यावा. वेळ यूटीसीत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) साठवली असेल, तर भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचपूर्वीच्या तक्रारी आदल्या दिवसात मोजल्या जातात. हे वर्णनात सांगावे. त्याहून चांगले म्हणजे वेळ टूलमध्येच बदलून द्यावी.

रिकाम्या उत्तराचा अर्थ न सांगणे ही नेहमीची चूक आहे. नोंद नाही, की पाहण्याची परवानगी नाही? फरक कळला नाही तर ग्राहक अस्तित्वातच नाही असे समजून एजंट दुसरी नोंद तयार करतो, आणि मग एकाच घराच्या दोन नोंदी जुळवत बसावे लागते.

नोंद बदलणाऱ्या टूलांबाबत जराही मोघमपणा चालत नाही. न दिलेला रकाना तसाच राहतो की पुसला जातो? नवा क्रमांक जुन्याच्या जोडीला जातो की त्याच्या जागी? एसएमएस ग्राहकाला लगेच जातो का? उत्तर यायला उशीर झाला तर पुन्हा पाठवावे का? पुन्हा पाठवल्यावर दुसरे तिकीट (तक्रारीची नोंद) उघडू नये यासाठी प्रत्येक विनंतीचा वेगळा विनंती-क्रमांक मागावा आणि तोच परत वापरायला सांगावे. तिकिटाच्या स्थितीसारख्या रकान्यांचे ठरावीक पर्याय स्कीमातच बांधून द्यावेत. वापरकर्ता ‘मिटली’ म्हणेल आणि प्रणालीत ‘क्लोज्ड’ असेल, तर ती जोडी लिहावी.

‘कृपया पुसू नये’ असे वर्णनात लिहिणे म्हणजे सुरक्षा नव्हे. परवानगी सर्व्हरवरच तपासायला हवी. कामाला लागतात तेवढेच रकाने परत करावेत. थकबाकी विचारल्यावर पॅन क्रमांक येण्याचे कारण नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा कायदाही डेटाचा वापर ठरलेल्या हेतूशी बांधतो. ग्राहकाने लिहिलेल्या शेऱ्यात एजंटला उद्देशून आज्ञा असू शकते, म्हणून तो मजकूर माहिती आहे, सूचना नाही, हे स्पष्ट करावे.

एका टूलला तीन-चार वाक्ये बहुधा लागतातच. मात्र ही वर्णने सहसा प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातात, त्यामुळे आतल्या कोडची माहिती त्यात भरू नये. तपासणीसाठी वापरकर्त्यांनी खरोखर विचारलेले वीस-तीस प्रश्न घ्यावेत. काही असे असावेत की कोणतेच टूल वापरायला नको. प्रत्येक प्रश्न अनेकदा चालवून निवडलेले टूल आणि भरलेले पॅरामीटर नोंदवावेत. एका वेळी एकच वाक्य बदलावे, नाहीतर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. सॉफ्टवेअरमधला रकाना बदलला की त्याच फेरीत वर्णन बदलून हे सगळे प्रश्न पुन्हा चालवावेत.